रहांगडाले गुरुजींच्या चिठ्ठ्या

माझ्या भावाच्या लग्नाची पत्रिका रहांगडाले गुरुजींच्या हाती दिली, तर त्यांनी ती पुढून-मागून वाचली, चष्मा कपाळावर सरकवला आणि उलट मलाच विचारलं, "मॅडम, काय समजलं?"

"लग्न आहे गुरुजी. यायचं हं!"

"ते तं हायेच जी. पण तुमच्या ताईच्या पत्रिकेत चार मामा होते. यात तीनच. काऊन?"

आता काय सांगू! धाकट्या मामाशी आईचं चांगलंच वाजलं होतं. सगळ्या गावाने पत्रिका वाचली, पण समजली एकट्या गुरुजींना.

गोंदिया जिल्ह्यात, दवनीवाड्याच्या पुढे आमची दोन शिक्षकांची, चौथीपर्यंतची शाळा. मी फुलचूरहून येऊन-जाऊन करायची. गुरुजी शाळेलगतच्या खोलीत एकटेच. दुपारी वर्गाच्या कोपऱ्यात डबा उघडून भिंतीकडे तोंड करून जेवायचे. बाकी दिवसभर "काय समजलं?" एकदा गोंदियाच्या बसस्टँडवर पेपर वाचणाऱ्या अनोळखी माणसालाही विचारलं. तो म्हणाला, "आपको क्या करना है, चाचा?"

एखादं पोरगं धडा खडाखडा वाचून गेलं की मी शाबास म्हणायची. गुरुजी म्हणायचे, "रेडिओ बी खडाखडाच बोलते. त्याले काय समजते?" त्यांची परीक्षा निराळी. ते पोरांच्या हातात चिठ्ठी द्यायचे. नियम एकच: "वाचलं का बोलाचं नाई, कराचं." चिठ्ठीत असायचं, 'डस्टर बादलीत टाकू नको, बादलीजवळ ठेव.' अर्धा वर्ग टाकायचाच बादलीत. आमची डस्टरं बाराही महिने ओली!

एका वर्षी वाचनाच्या तपासणीला साहेब आले. कागदावर रकाने: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद. ज्याला काहीच येत नाही, त्याला पहिलीच्या पोरांत बसवायचं. चौथीतली फुलवंता उईके उभी राहिली. घरी गोंडी बोलणारी पोर. पहिलीत तिच्या मराठीला वर्ग हसला, तेव्हापासून तिने तोंडच मिटलेलं. पहिलीत बसवलं तर आई तिला शाळेतून काढून बकऱ्यांमागे धाडणार, हे मला आणि गुरुजींना पक्कं ठाऊक होतं.

"मुँह तो खोलो, बेटा," साहेब म्हणाले. ती गप्प. साहेबांचा पेन 'काहीच नाही'वर टेकला.

"थांबा जी," म्हणत गुरुजींनी भराभर चिठ्ठी लिहून तिला दिली. तिने वाचली. टेबलावरून साहेबांचा रुमाल उचलला. साहेबांनी घ्यायला हात पुढे केला, तर ही बया हाताला वळसा घालून गेली आणि रुमाल खुर्चीच्या पाठीवर टाकून जागेवर उभी राहिली.

"ये क्या तमाशा है?" साहेब भडकले. गुरुजींनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली: 'साहेबांचा रुमाल त्यांच्या हातात देऊ नको, खुर्चीच्या पाठीवर ठेव.'

"साहेब," गुरुजींनी शांतपणे विचारलं, "काय समजलं?"

मला वाटलं, आता गुरुजींची बदलीच. साहेब खो-खो हसले आणि त्यांनी 'परिच्छेद'वर खूण केली.

तीन वर्षांनी गुरुजी निवृत्त झाले. भाषणं झाली, नारळ-शाल झाली, माणसं पांगली. गुरुजी नेहमीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून डबा घेऊन बसले. उद्यापासून जेवताना त्यांच्याभोवती पोरांचा गलकाही नसणार होता.

तेवढ्यात फुलवंता आली. आता मोठ्या शाळेत जाणारी, उंच झालेली. तिने गुरुजींपुढे चिठ्ठी धरली. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचली:

'डबा उघडू नका, खिडकीत ठेवा. आई वाट पाहून राहिली. आमच्या घरी जेवाले चाला. उद्या पण.'

गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

"गुरुजी," मी विचारलं, "काय समजलं?"

त्यांनी डबा खिडकीत ठेवला आणि चपला घातल्या.