बोटभर कमी

सकाळी माणूस भेटलं की जग 'कसं काय' विचारतं. आमचे तात्या म्हणायचे, "कान धर!"

म्हणजे उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा. हात पोचला की पोर शाळेच्या वयाचं झालं. जन्मतारीख ठाऊक होती कुणाला! शेवगावच्या पुढं, रानात चार घरांची आमची वस्ती. मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला, थोरली भावंडं दोन मैलांवरच्या शाळेत. मागं उरायचो आम्ही: मी, दोन म्हशी आणि आमचे चुलत आजोबा तात्या.

तात्या रोज मोजायचे आणि रोज चुकचुकायचे. "अरारा! अजून बोटभर कमी. घाई न्हाई करायची ठके, शाळा कुठं पळून चाललीय?" वर दम द्यायचे, "मान ताठ ठिव. ढिल्या मानंची पोर गुर्जी घेत न्हाईत." मी आपली खांबासारखी ताठ. मला पाटी हवी होती हो! हात लांब व्हावा म्हणून मी लिंबाला लोंबकळायचे. तात्या खालून ओरडायचे, "अगं, हातासंगं डोस्कं बी वाढतंय की!"

जूनमध्ये गुरुजी पोरं गोळा करत वस्तीवर आले. मी मान ताठ करून डोक्यावरून हात टाकला. बोटभर कमी!

"पुढच्या वर्षी बघू," म्हणत गुरुजींनी सायकल वळवली. मी असं भोकाड पसरलं की म्हशींनी रवंथ थांबवला.

तात्या टोपी काढून डोकं खाजवत राहिले. मग "गुर्जी, थांबा वाईच" म्हणत आले आणि माझी मान तळहातानं हळूच कलती केली. चारही बोटं कानावर!

"मीच तिला ताठ ऱ्हायला शिकवलं हुतं," ते खाली बघत म्हणाले.

गुरुजींनी नाव लिहिलं, एक जून ही जन्मतारीखही ठोकून दिली. मला मात्र तात्यांचा असा राग आला! लबाड म्हातारा कुठला!

पहिल्या दिवशी शाळेतून आले तर तात्या बांधावर बसलेले. मी फुरंगटून तशीच पुढं निघाले.

"ठके, आज म्हशीला दोनदा तुझ्या नावानं हाक मारली बघ," ते म्हणाले. "दुसरं कोनी बोलायला हुतंच कुठं?"

मला हसू फुटलं. पण तात्या हसत नव्हते. मग शाळेत जाणारी मोठी पोर असूनही मी त्यांच्या मांडीवर जाऊन बसले आणि दिवसभरात काय काय झालं ते सगळं सांगितलं.