बांध कोरणारे बापू

आमच्या अवसरी बुद्रुकचे बापू कुठंही गेले, की आधी पावलांनी जागा मोजतात. मी नवं घर बांधलं. वास्तुशांतीला आले आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत सुटले. "पाव गुंठा भरतोय, राव!" अहो, मी जेवायला बोलावलं होतं, मोजणीला नव्हे!

त्यांच्या वडिलांचं आठ एकर सलग रान. ते चार भावांत वाटलं गेलं. विहीर सगळ्यांना हवी आणि रस्ताही, म्हणून उभे पट्टे पडले. आता ट्रॅक्टर वळवायचा तर शेजारच्या भावाच्या रानात घालावा लागतो. बापूंची बहीण तळेघरला दिलेली, तिकडं भाताची इवलीशी खाचरं. तिला ते म्हणतात, "आक्का, तुमच्याकडं डोंगरानं तुकडे केले, हितं आमीच केले."

धाकटा भाऊ दिलीप भोसरीला कंपनीत. त्याचा पट्टा वाटेकरी करतो. दरसाल नांगरणीला बापू त्याच्या बाजूचा वीतभर बांध कोरायचे. वाटेकरी फोन करायचा आणि रविवारी दिलीप टेप घेऊन हजर! अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं दोघं भांडायचे. मग वहिनी भाकरी वाढायच्या, दिलीप पोटभर जेवायचा आणि मेथीच्या जुड्या घेऊन जायचा. मला भारी राग यायचा. एकदा तर मी बापूंना तोंडावर हावरट म्हणालो.

यंदा बांधावर धड पाय ठेवायला जागा उरली नाही, तरी दिलीप आला नाही. तीन रविवार बापू बांध ते रस्ता, रस्ता ते बांध करत राहिले. चौथ्या रविवारी मी वैतागलो. "बापू, जिंकलात की! आता कशाला तळमळताय?"

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. "दिल्या, लई आत घुसलोय मी. टेप घिऊन ये."

"असू दे, दादा. पोरांना कुठं शेती करायचीय? सगळा पट्टा तूच घे. सहीपुरता येऊन जाईन एकदा."

बापूंचा चेहरा पडला. मी ह्या माणसाला हावरट म्हणालो होतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आरं, मला न्हाई पायजे तुझं रान," बापू फोनवर ओरडले. "तू भांडायला ये."