गुलछडीचा तंग

"झुलालभाऊ, तंग पुरत नही," जीवरामनं पिंपळनेरहून फोनवर सांगितलं आणि पारोळ्यात झुलालच्या हातातला चहा बशीत सांडला.

तंग म्हणजे खोगीर पाठीवर पक्कं राहावं म्हणून घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. झुलाल गेली बावीस वर्षं तंग, लगाम, गोंडे, घुंगरमाळा असं घोड्याचं सगळं सामान बनवत होता आणि बावीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं. हे तो स्वतःच सांगत असे, पण इतक्या वेळा सांगे की लोकांनाही पाठ झालं होतं. त्याची पद्धत साधी होती. गिऱ्हाइकानं घोड्याच्या पोटाभोवती सुतळी फिरवायची, टोक भेटेल तिथं गाठ मारायची आणि सुतळी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. दुकानात ती खिळ्याला टांगली जाई. टेपवर त्याचा विश्वास नव्हता. टेपवरचा आकडा माणूस वाचतो, म्हणजे चुकतो. सुतळी कुणाला वाचावी लागत नाही.

"किती कमी पडस?"

"वीतभर."

एरवी झुलालनं "तंग परत धाड, देखी लेऊत" म्हणून विषय संपवला असता. पण दुकानाच्या बाकावर त्या वेळी पुना बसला होता. पुनाकडे एक घोडा होता आणि भरपूर वेळ होता.

"झुलालभाऊनं माप चुकनं?" पुनानं विचारलं. त्याच्या आवाजात अख्ख्या जन्माचा आनंद होता.

"मनं माप चुकत नही," झुलाल फोनमध्येच ओरडला. "घोडीच वाढनी व्हयी!"

"पंधरा दिनमा?" जीवराम म्हणाला.

"मंग? पोटच शे ते. घोडीनं पोट कसानं वाढस, हाई बी मीच सांगू का?"

झुलालच्या मनात घोडीला चारलेला हरभरा होता. जीवरामच्या मनात भलतंच आलं. मग हळूच आवाज आला, "म्हणजे... आमनी गुलछडी...?"

झुलाल "तसं नही" म्हणणार होता. पण तसं म्हणायचं तर माप चुकलं म्हणावं लागणार आणि पुना तिथंच बसलेला. त्यानं घोटभर चहा घेतला. तेवढ्यात पुनाची बोटं मोबाइलवर चालून गेली होती.

'खान्देश अश्वमित्र' या ग्रुपवर दोनशे बारा घोडेवाले होते. "गुलछडी गाभण. निदान झुलालभाऊ, पारोळा, फक्त सुतळीवरून." पाच मिनिटांत अभिनंदनाचे अंगठे उमटले. कुणीतरी केक टाकला. पंधराव्या मिनिटाला एकानं स्वाभाविक प्रश्न टाकला: बाप कोण?

संशय यावलच्या रूपचंदवर, म्हणजे त्याच्या दिलदार नावाच्या घोड्यावर गेला. सारंगखेड्याच्या यात्रेत त्याचा तंबू जीवरामच्या तंबूशेजारी होता आणि दिलदार एकदा दोर तोडून तासभर गायब झाला होता.

"माझा घोडा तसा नाही," रूपचंदनं लिहिलं.

"मंग तो तासभर काय कीर्तन ऐकाले गयथा?" पुनानं विचारलं.

दोन दिवस ग्रुपवर धुरळा उडाला. शेवटी धुळ्याच्या योगेंद्रआबांनी मध्यस्थी केली. आबांकडे आता घोडा नव्हता, पण मत होतं. "व्हयनं ते व्हयनं," त्यांनी निवाडा दिला. "रूपचंद, घोडाना बाप म्हनीसन तुनी बी काही जबाबदारी शे." रूपचंद केळीचा घड, नारळ आणि शाल घेऊन पिंपळनेरला गेला. दोघांनी गळाभेट घेतली आणि त्या दिवसापासून एकमेकांना व्याही म्हणू लागले. जीवरामनं गुलछडीच्या दोन वराती रद्द केल्या. "पोटुशी घोडीले डीजेम्होरे नाचाडू का?" तो म्हणाला. त्यातला एक नवरदेव शेवटी जेसीबीच्या तोंडात बसून मांडवात पोचला.

झुलाल हे सगळं वाचत होता आणि स्वतःला सांगत होता, की माप चुकलेलं नाही, म्हणजे घोडी गाभण असणारच. जवळजवळ पटलंही होतं. तेवढ्यात त्याची बायको कमलबाई फुलाफुलांचा एक कपडा घेऊन दुकानात आली.

"आयकतस का? प्रमिलाबाईनी धान्यनी कोठीले हाऊ कपडा शिवीसन दिधा. यान्हामा कोठीसंगे मी बी बसी जासू!"

"तू माप काय देलं व्हतं?"

"कोठीले सुतळी फिराई, गाठ मारी, अन् तुमना खिळाले टांगी दिधी. मंग तठेनच काढीसन प्रमिलाबाईले धाडी."

झुलालनं खिळ्याकडे पाहिलं. म्हणजे त्या दिवशी एकाच खिळ्याला दोन सुतळ्या होत्या, दोन्हींना एकेक गाठ. त्यानं जीवरामकडून परत आलेला तंग काढला, घरात जाऊन कोठीभोवती फिरवला आणि बक्कल लावलं. ते बरोबर तिसऱ्या भोकात बसलं. इतकी नेमकी फिटिंग त्याच्या हातून बावीस वर्षांत झाली नव्हती.

"सांगी टाका आते," कमलबाई म्हणाली. "लोके घोडीनं डोहाळजेवन करी राह्यनात."

"नाव जाई मनं."

"आनि घोडी नही व्यायनी ते?"

झुलालनं कपडा पुरावा म्हणून पिशवीत घातला आणि पिंपळनेरची गाडी धरली.

जीवरामच्या अंगणात मांडव होता. गुलछडीच्या गळ्यात फुलांची माळ होती आणि तोंडात पुरणपोळी होती. अश्वमित्र तीसेक जमले होते. झुलालनं पिशवीतून कपडा काढला आणि बोलायला तोंड उघडलं, तोच जीवरामनं तो हातातून ओढून घेतला. "भाऊनी झूल आनी!" घोडीच्या पाठीवर टाकून त्यानं पोटाखाली नाड्या बांधल्या. कपडा अंगाबरोबर बसला. ना बोटभर सैल, ना बोटभर घट्ट.

"देखा माप!" योगेंद्रआबा म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

एवढ्यात जनावरांचे डॉक्टर बुद्धभूषण मशीन घेऊन आले. त्यांना जीवरामनंच बोलावलं होतं, शिंगरू एक की दोन ते बघायला. त्यांनी शांतपणे तपासलं, हातमोजा काढला आणि म्हणाले, "घोडी गाभण नाही."

"डॉक्टरसाहेब, नीट पाहा," रूपचंद दुखावून म्हणाला. "घोडा कागदपत्रांचा आहे."

"असेल. पोटात पुरणपोळी आहे."

सगळे झुलालकडे बघू लागले. आता मागं फिरणं नव्हतं. "डॉक्टर खरं सांगतस," तो म्हणाला. "मनंच माप चुकनं. ती सुतळी आमना कोठीनी व्हती. अन् हाई झूल नही, कोठीना कपडा शे."

योगेंद्रआबा उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. "याले म्हनतस मोठा मानूस! चार लोकेसमा डॉक्टरसाहेबना अपमान नको म्हनीसन सोतानं माप खोटं करी राह्यना. बावीस वरीसमा कधी चुकनं का ते?"

"नही!" अंगण म्हणालं.

"मी शपथ खास..." झुलाल म्हणाला.

"बस करा भाऊ, आमले समजनं," जीवरामनं त्याच्या खांद्यावर शाल टाकली. डॉक्टरांनी पुरणपोळी खाल्ली, झुलालकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि गाडी सुरू केली.

निघताना जीवरामनं होणाऱ्या शिंगराच्या मोरखीची, म्हणजे तोंडावर चढवायच्या दोरीच्या साजाची, ऑर्डर दिली. "मापनं काय?" झुलालनं विचारलं. "ते तुमलेच माहीत," जीवराम म्हणाला. झुलालनं चार रात्री विचार करून इवलीशी लाल मोरखी बनवली.

घोडी अकरा महिन्यांत विते. गुलछडीचा आता चौदावा चालू आहे. दिलदारचं वाण दमानं येतं, असं ग्रुपवर ठरलं आहे. परवा व्याही-व्याही दोघं मिळून पारोळ्याला आले आणि ती लाल मोरखी त्यांनी गल्ल्यावर ठेवली.

"भाऊ, हाई जराशी मोठी करी द्या," जीवराम म्हणाला. "इतला दिन पोटमा शे, पोऱ्या वाढना व्हयी ना."

झुलालनं दोघांच्या तोंडाकडे बघितलं. मग मुकाट्यानं मोरखी उसवायला घेतली.

"चार बोटं बस?"

"पाच करा," रूपचंद म्हणाला. "आमच्याकडचे हाडानं मोठे असतात."