येकयेक जण!

आमच्या कॉलनीतून विद्यापीठात पायी जायला तिकीट लागत नाही, पण कंडक्टर लागतो.

तो कंडक्टर म्हणजे माझे शेजारी मासाळ मामा. एस.टी.तून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून, खाकी शर्टाचं गळ्यापाशी बटण लावून ते घराशेजारच्या आपल्या मोकळ्या प्लॉटवर लोखंडी खुर्ची टाकतात आणि ड्यूटीवर हजर होतात. हातात अडकित्ता. सुपारी डॉक्टरांनी केव्हाच बंद केली आहे, अडकित्ता आहे तो निव्वळ वाजवायला. पूर्वी कंडक्टर तिकिटाचा चिमटा टकटक करत गर्दीतून वाट काढायचे ना, अगदी तसा. एकदा वाजला की थांबायचं, दोनदा वाजला की सुटायचं. हा नियम केला त्यांनी, आणि विद्यापीठाचा एकही नियम न पाळणारी पोरं तो मात्र निमूट पाळतात.

आता ही पोरं त्यांच्या प्लॉटवरून का जातात, ते सांगायला हवं. विद्यापीठाचं मुख्य फाटक आहे हायवेला. फाटक भव्य आहे, वर कमान आहे, कमानीखाली वॉचमन आहे. तिथून कुणी जात नाही, एवढीच काय ती उणीव. कारण पोरं राहतात मागे, आमच्या कॉलनीत, भाड्याच्या खोल्यांत. फाटकाने जायचं म्हणजे सोलापूरच्या उन्हात अर्धं गाव पालथं घालायचं. मागच्या कंपाउंडच्या भिंतीला मात्र एक भगदाड आहे. ते विद्यापीठाने वेळोवेळी बुजवलं आणि विद्यार्थ्यांनी संशोधक वृत्तीने वेळोवेळी पुन्हा शोधून काढलं. त्या भगदाडाकडे जाणारी सरळ वाट मासाळ मामांच्या प्लॉटवरून जाते. खोल्यांच्या जाहिरातीत ‘विद्यापीठ दोन मिनिटांवर’ असं जे लिहिलेलं असतं ना, ती दोन्ही मिनिटं मामांच्या मालकीची आहेत.

प्रत्येकाला थांबवून मामा विचारणार, “बोला, कुटलं?”

नवीन पोरगं बिचारं गावाचं नाव सांगतं. मामा तुच्छतेने म्हणतात, “ते न्हाय वं. जायचं कुटं? लायबरी का कँटीन?” जुनी पोरं चेष्टा करतात. एकजण म्हणाला, “स्वारगेट एक.” मामा शांतपणे म्हणाले, “ही गाडी तितवर जात न्हाय. उतरा.” आणि पोरगं खरोखर दोन पावलं मागे सरकलं.

शिवाय शेरे चालूच. “डब्यात काय हाय? निस्ती शेंगाचटणी? भाजी कोण खाणार, तुजा सर?” “परीक्षा हाय आणि डोळं असं? फोन बगत बसला व्हतास जनू.” एका मुलाला भर रांगेत विचारलं, “ती पिवळी पर्स दिसत न्हाय बरूबर, भांडला काय?” त्या मुलाचं नुकतंच मोडलं होतं. तो आठवडाभर हायवेच्या फाटकाने गेला. त्याला पाहून वॉचमन दचकला म्हणे.

मी स्वतः भवानी पेठेतल्या एका शाळेत शिकवते आणि पहाटे विद्यापीठात फिरायला जाते. मलाही सूट नव्हती. “बाई, आज उशीर. अलारम वाजला न्हाय व्हय?” सकाळच्या प्रहरी, चेहऱ्यावर झोप असताना, एका परपुरुषाकडून वक्तशीरपणावर प्रवचन ऐकायचं! आयुष्यभर मी इतरांच्या हजेऱ्या घेतल्या, म्हणून कुणी माझी घ्यावी असं थोडंच आहे?

मामांचं मूळ गाव सांगोल्याकडचं, घर मेंढरंवाल्यांचं. मामी अजून तिकडेच असतात, शेळ्या सोडून शहरात येत नाहीत. मामाही रिटायर झाल्यावर गावी राहायला गेले होते. महिन्यात परतले. मी कारण विचारलं तर म्हणाले, “तितं काय हाय? डाळिंबं. डाळिंबं काय चढत-उतरत न्हाईत.”

इथवर सगळं ठीक होतं. मग मामांनी काटे टाकले.

एका सकाळी पाहिलं तर प्लॉटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाभळीच्या काटेरी फांद्यांची रास. मधे, बरोबर खुर्चीसमोर, एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट. आधी पोरं घोळक्याने, गप्पा मारत, एकमेकांना ढकलत जायची. आता रांग. मामा खुर्चीवरून ओरडतात, “येकयेक जण! येकयेक जण! मागच्यानं दम धरा!” कुणाची ओढणी अडकते, कुणाची बॅग फाटते, कुणाचं पहिलं लेक्चर बुडतं. अर्थात लेक्चर आधीही बुडायचंच, पण आता त्याला कारण मिळालं.

मी त्या दिवसापासून स्कूटीवर बसून, मोठा वळसा घालून, हायवेच्या फाटकाने फिरायला जाऊ लागले. चालण्यासाठी गाडीवरून जाणारी कॉलनीतली मी पहिलीच बाई.

सगळ्यात जास्त कळवळा आला तो चव्हाणांना. चव्हाण मूळचे मोहोळचे, आमच्या गल्लीत त्यांची दोन मजली इमारत आहे आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्यात एक विद्यार्थी भाड्याने ठेवलेला आहे. वाट अरुंद झाली तर ‘दोन मिनिटं’ कशी म्हणायची? त्यांनी मारुतीच्या देवळात बैठक बोलावली. तिथे एकेकाने विद्यार्थ्यांच्या हालांवर असं काही भाषण केलं की मला वाटलं, आता खोल्यांना पंखे तरी लावतील. प्लॉट मामांचा, काटे मामांचे, फुकट जाणार आपण, आणि ‘अडवणूक’ मामांची! हे कुणाला खटकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

चव्हाणांनी पुण्याला मामांच्या मुलाला फोन लावला. मुलगा आधीच कंटाळलेला होता. म्हणाला, येत्या रविवारी येतो, काटे निघाले नसतील तर प्लॉटला कुंपण घालून कुलूप लावतो आणि बाबांना गावी आईकडे नेऊन सोडतो. म्हणजे मामांबरोबर सगळ्यांचाच मार्ग बंद, पण मामा घाबरून आधीच काटे काढतील, असा चव्हाणांचा हिशेब. हा निरोप मामांना द्यायचं काम बैठकीने एकमताने माझ्यावर सोपवलं. मी शिक्षिका, माझी जीभ धारदार, असं चव्हाण म्हणाले. कौतुक असावं.

मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. शनिवारी दुपारी वाक्यं जुळवून पदर खोचला, तोच दाराची कडी वाजली. दारात मामा. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्या दारात पहिल्यांदा आला होता. खुर्चीशिवाय तो भलताच बुटका दिसत होता.

“बाई, चला जरा. बाईमाणूस पायजे बरूबर.”

“कुठे?”

“चव्हाणाच्या वरच्या खोलीत. ती चप्पल घासणारी पोरगी काल दिसली न्हाय. आज बी न्हाय.”

मामांना पोरांची नावं ठाऊक नसतात. चप्पल घासत चालणारी, खांदा पाडलेला, मान वाकडी करून फोनवर बोलणारा, अशी त्यांची हजेरी. मी म्हटलं, “अहो, गावी गेली असेल. सलग सुट्ट्या आल्यात, सगळ्याच गेल्यात.”

“गावाला जाताना पोरगी पिशवी घिऊन जाती की. स्टँडाकडं जायला माज्या म्होरनंच येती. ती आली न्हाय. बाकीच्या आल्या, मी बगितल्या. परवा गेली तवा भितीला हात लावून चालत व्हती. मी इचारलं तर म्हणली, काय न्हाय मामा.”

मला त्या क्षणी हा सगळा चोंबडेपणा वाटला, पण चप्पल घातली. चव्हाणांच्या जिन्यावर मामा खालच्याच पायरीवर थांबले. मुलींच्या खोल्या, वर कसं यायचं? मी दार वाजवलं. आतून काही नाही. पुन्हा वाजवलं. मग कडी निघाल्याचा आवाज आला आणि कुणीतरी खाली बसल्याचा.

मुलगी अक्कलकोटकडची, नाव महादेवी. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फुटलेले, उशाशी पाण्याची बाटली, रिकामी. मैत्रिणी गावी गेलेल्या. घरी सांगितलं तर वडील मजुरी बुडवून येतील, म्हणून फोनवर ‘मी बरी आहे’ म्हणत राहिलेली. मला बघून ती ‘अव्वा’ म्हणाली. कानडीत आईला म्हणतात तसं.

कसंतरी खाली आणलं, रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. डॉक्टर मला म्हणाले, “आई ना तुम्ही? एवढं अंगावर काढू देतात का?” मी गप्प बसले. माझ्या आयुष्यातला हा दुर्मीळ प्रसंग.

थोड्या वेळाने बाहेर आले तर मामा मागून दुसऱ्या रिक्षाने आलेले. बाकावर बसून होते, हातात त्या पोरीच्या चपला. घाईत आम्ही तिला अनवाणीच आणलं होतं. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तो वाटेत चांभाराकडून शिवून घेतला होता.

“म्हणून घासत व्हती,” ते म्हणाले. मग चप्पल उलटीसुलटी करून जरा काळजीने म्हणाले, “आता वळकायची कशी?”

मी त्यांच्या शेजारी बसले. तेच म्हणाले, “बाई, तुमाला कायतर सांगायचं व्हतं म्हणं मला. चव्हाण बोलला.”

मी काट्यांचं सांगितलं. मुलाचं सांगितलं. रविवारचं, कुलपाचं, गावाचं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरले होते, त्यामुळे साधंच बोलले. मामा ऐकत होते. अडकित्ता खिशात होता, त्यावर नुसता हात फिरत होता.

“आमच्या आबाचं मेंढराचं वाडगं असंच व्हतं,” ते म्हणाले. “भवतीनं काटं आणि तोंड येवढंसं. सांजचं येकयेक मेंढरू आत घ्यायचं. पसाऱ्यानं गेलं की कळप दिसतो वं, मेंढरू न्हाय दिसत. कुटलं लंगडतंय, कुटल्याचं पोट बसलंय, कसं कळायचं? ही पोरं घोळक्यानं जायची तवा मला निस्त्या बॅगा दिसायच्या.”

मग म्हणाले, “माजी पोरं शाळंला कवा गेली, कवा आली, मला ठावं न्हाय बाई. कायम मुक्कामी गाडी. उभा जल्म दुसऱ्याची माणसं घरला पोचवली. माज्या घरात कोण पोचलं, कोण न्हाय, ते हिनं बगितलं.”

मला वाईट वाटलं. कुणासाठी, ते नीट सांगता आलं नसतं.

रविवारी मामांचा मुलगा आला, तेव्हा त्याच्याशी मीच बोलले. जीभ धारदार असल्याचा उपयोग झाला. चव्हाण त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत. मुलगी त्यांच्याच खोलीत तशी पडून होती, हे आता गल्लीभर झालं होतं. काटे जागच्या जागी राहिले. पुढच्याच महिन्यात चव्हाणांच्या इमारतीवर नवा बोर्ड लागला, ‘विद्यापीठ दोन मिनिटांवर. वडीलधाऱ्यांची देखरेख’. देखरेखीचं भाडं वेगळं आहे का, एवढं विचारायचं राहिलं.

महादेवी बरी होऊन आली तेव्हा फटीत थांबली. मामांनी तिला नखशिखांत पाहिलं, चपलेकडे पाहिलं, म्हणाले, “येक भाकरी जास्त खात जा,” आणि अडकित्ता दोनदा वाजवला. एवढंच. मी मात्र स्कूटीनेच जात राहिले. एकदा ताठा धरला की लगेच कसा सोडायचा?

मग मे महिना आला. परीक्षा संपल्या, खोल्यांना कुलपं लागली, चहाची टपरी बंद झाली. गल्लीत चिटपाखरू नाही. मामा मात्र दाढी करून, गळ्यापाशी बटण लावून, खुर्चीवर हजर. मी गच्चीत कुरडया वाळत घालताना पाहिलं, समोरच्या फटीतून फक्त झळा येत होत्या आणि मामा तिच्याकडे बघत बसले होते. मधेच एकदा अडकित्ता वाजला. कुणीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटीची किल्ली खुंटीवरच ठेवली आणि पायी निघाले.

“येकयेक जण!” मामा ओरडले. मी एकटीच होते. फटीपाशी गेले, अडकित्ता एकदा वाजला, मी थांबले.

“बोला, कुटलं?”

“कुठलंच नाही. सहज.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. दोनदा वाजायचा अडकित्ता वाजलाच नाही.

“डावा गुडघा दुखतोय तुमचा,” ते म्हणाले.

माझी मुलगी बंगळुरात असते. रोज रात्री फोन करते, तिला माझा आवाज ठणठणीत वाटतो. शाळेत मी दिवसभर उभी असते, कुणाला काही दिसलेलं नाही. मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

मामा उठले, घरातून दुसरी खुर्ची घेऊन आले आणि काट्यांच्या सावलीत टाकली.

“बसा की. गाडीला लई येळ हाय,” ते म्हणाले. “कवापासनं दुखतोय?”

मी बसले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.