शून्य नंबरचा स्पंज केक

पेनरोज स्ट्रीटच्या चॅपलात गेल्या वर्षीच्या वार्षिक चहापानाला ट्रायफलची, म्हणजे केक-कस्टर्डच्या गोडाची, पाच भांडी आली आणि सँडविच औषधालासुद्धा आलं नाही. पुरुषमंडळींनी चहाबरोबर ट्रायफल आणि तोंडी लावायला पुन्हा ट्रायफल असं खाल्लं, आणि घरी जाऊन पाव शोधला. खापर अर्थातच महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंवर, म्हणजे आयव्ही ट्रेम्बाथवर फुटलं.

"तोंडी निरोप धाडते ना, मग काय होणार?" तिची नणंद डल्सी सगळ्यांना नीट ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली. "आणि निरोपही मर्जीतल्यांनाच पोचतात."

हे दुसरं वाक्य आयव्हीच्या घशात माशाच्या काट्यासारखं वर्षभर अडकून राहिलं. यंदा चहापानानंतर मंडळाची निवडणूक होती, आणि डल्सीनं उभं राहायचं ठरवलंय ही बातमी सगळ्या गल्लीला कळली होती. तेव्हा एके दिवशी नाश्त्याला आयव्हीनं कप खाली ठेवला आणि लेकीला फर्मावलं, "मर्ल, तुझ्या त्या यंत्राला सांग चिठ्ठ्या काढायला."

मर्ल अॅडलेडच्या विद्यापीठात गणकयंत्रावर काम करायची. आयव्हीच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की चांगली शिकलीसवरलेली पोर दिवसभर तापलेल्या खोलीत लोखंडी कपाटांपुढं बसून कागदाच्या पट्टीला भोकं पाडते.

"आई, ते यंत्र धरणांची गणितं करतं. मेंढ्यांची खानेसुमारी करतं."

"मग चहाची करायला काय धाड भरलीय? चहातसुद्धा पाणीच असतं."

मर्ल हसली, पण मनातून ती हरखली होती. 'तुझं यंत्र' हे शब्द नाक न मुरडता आईच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले होते.

काम तसं पोरखेळाचं होतं. चॅपलात कुणाचा हात कशात बसलाय हे ठरूनच गेलेलं होतं. आयव्हीचा स्पंज केक, डल्सीचे केशरी बन, मिसेस नॅनकिव्हेलचे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन, अशी ओळ थेट वयोवृद्ध मिस यूरेनच्या काकडीच्या सँडविचपर्यंत जात होती. मर्लनं एका पट्टीवर नावं भोकली, दुसरीवर पदार्थ. यंत्रानं नावापुढं पदार्थ जोडायचा आणि चिठ्ठी छापायची, बस्स. जेवणाच्या सुट्टीत यंत्र मोकळं असे, तेवढ्यात तिनं पट्ट्या चढवल्या. यंत्रानं गुरगुरून, दिवे लुकलुकवून चिठ्ठ्या ओकल्या आणि काम संपल्याचा भोंगा दिला. तोवर दारात तिचे साहेब डॉक्टर लिडेल आपली धरणं काखोटीला मारून उभेच होते. "झालं का तुमचं सत्कार्य?" त्यांनी विचारलं. मर्लनं चिठ्ठ्या घाईनं घड्या घालून पर्समध्ये कोंबल्या.

घरी तिनं एक उघडून बघायला हात घातला, तर आयव्हीनं तो झटकला. "खबरदार! मी बघितल्या, बदलल्या, असं कुणी म्हणायला नको. चिकटव सगळ्या."

रविवारी रेव्हरंड पेंगेलींच्या हातून चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. पेंगेली म्हणजे भोळा, रसाळ माणूस. प्रवचन सांगता सांगता त्यांचा सूर कधी लागे आणि बोलण्याचं गाणं कधी होई ते त्यांनाही कळत नसे. मग सगळं चॅपल त्यांच्यामागं सूर धरी. त्या दिवशीही ते भरात आले. "यंत्राला मावशी नाही, यंत्राला भाची नाही! यंत्र चुकत नाही, असं आपल्या आयव्हीबाई म्हणतात. तेव्हा जे येईल ते प्रसाद म्हणून घ्या. अदलाबदल नाही!"

"नाही!" सगळ्यांनी एका आवाजात हमी दिली. आयव्हीनं डल्सीकडं बघून न बघितल्यासारखं केलं.

घरी येऊन आयव्हीनं आपली चिठ्ठी उघडली, आणि ती खुर्चीत बसली.

"केशरी बन," ती म्हणाली. "मला? मर्ल, केशरी बन?"

तेवढ्यात फोन खणाणला. मिस यूरेन होत्या. "मर्ल बाळ, तक्रार नाही हो माझी. प्रसाद तो प्रसाद. पण माझ्या चिठ्ठीत 'मेंढ्या चौऱ्याहत्तर' असं आलंय. एका ताटात कशा गं बसवू?"

मर्लनं कसाबसा फोन ठेवला. सोमवारी तिनं पट्टीवरचं एकेक भोक बोटानं चाचपलं आणि कपाळावर हात मारून घेतला. यंत्राच्या पोटात कप्पे असतात, एका रांगेत, गल्लीतल्या घरांसारखे. पण माणसांच्या गल्लीत पहिलं घर एक नंबरचं, तर यंत्राच्या गल्लीत शून्य नंबरचं. आयव्हीचा स्पंज केक शून्याच्या घरात बसला होता, आणि मर्लनं आपल्या माणूसपणाला जागून पदार्थ मोजायला एकपासून सुरुवात केली होती. झालं! प्रत्येकीला तिच्या पुढचीचा पदार्थ मिळाला. शेवटच्या मिस यूरेनपुढं पदार्थच उरला नाही, म्हणून यंत्रानं पुढच्या कप्प्यात आदल्या कामातलं जे उरलंसुरलं होतं ते त्यांच्या पदरात घातलं. आणि स्पंज केक बिचारा कुणाच्याच वाट्याला आला नाही.

"मी सगळ्यांना सांगते. चूक माझी आहे," मर्ल रडवेली होऊन म्हणाली.

"जीभ हासडीन!" आयव्ही कडाडली. "यंत्र चुकत नाही असं माझ्या नावानं प्रवचनात गाऊन झालंय. आता चुकलं म्हटलंस तर डल्सी निवडणुकीपर्यंत थांबणारसुद्धा नाही, तिथंच खुर्चीत बसेल. मी बन करीन."

"तुला येतात?"

आयव्हीला येत नव्हते. येणार कुठून? ती कृती तिच्या सासूनं मरताना लेकीच्या कानात सांगितली होती, सुनेच्या नाही. आयव्हीनं तीनदा प्रयत्न केला. पहिले बन फुगले नाहीत, दुसरे फुगून भट्टीला चिकटले आणि तिसरे कुत्र्यानं हुंगून सोडून दिले. शेवटी तिनं हॅट घातली, मर्लला साक्षीला घेतलं आणि नणंदेच्या दारावर थाप मारली.

दार डल्सीनं उघडलं. तिच्या कोपरापर्यंत चॉकलेट होतं, आणि केसांत खोबऱ्याचा कीस.

"ये," ती म्हणाली. "हसायचं असेल तर आत येऊन हस. शेजारी बघताहेत."

"मी कशाला हसू? मला बन आलेत."

"माझे बन?" डल्सीचा चेहरा क्षणभर काळाठिक्कर पडला. आणि मग, मर्लच्या देखत, तो हळूहळू उजळत गेला. "केशर कशात भिजवलंस?"

"पाण्यात."

"गार?"

आयव्हीनं डोक्यावरची हॅट सरळ केली.

"अगं बाई, गार पाण्यात!" डल्सी ओरडली. "आई थडग्यात कूस बदलत असेल. कोमट पाणी, आणि रात्रभर! ती हॅट काढ आधी, नि त्या पिठाला हात लाव. असा नव्हे, असा! बाळाला थोपटतात तसं."

"तू एवढ्या वर्षांत सांगितलं नाहीस ते?"

"तू एवढ्या वर्षांत विचारलं नाहीस ते?"

आयव्हीनं हॅट काढली आणि बाह्या सरसावल्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि तू ते चॉकलेट केकवर थापतेयस कशाला? बुडवायचं असतं ते. मिसेस नॅनकिव्हेल काट्यानं बुडवते, मी बघितलंय."

"मग सांगायचं नाही का, मेले!"

मर्ल कोपऱ्यात बसून भांडी पुसत राहिली. त्या आठवड्यात सगळ्या गल्लीत हेच चाललं होतं. एकीच्या स्वयंपाकघरातून दुसरीच्या स्वयंपाकघरात बायका चाळण्या घेऊन पळत होत्या.

चहापानाच्या दिवशी लॅमिंग्टन जरा विटेच्या कुळातले झाले होते, आणि आयव्हीचे बन एका अंगाला कलले होते. पण केशराचा वास थेट पाठीमागच्या बाकापर्यंत गेला. मिस यूरेननी खाटीक भावाला गाठून मेंढीच्या मांसाची सँडविचं आणली होती. "चौऱ्याहत्तर मेंढ्यांपैकी एकीचा पाय तेवढा जमला हो," असं म्हणत त्या ताट फिरवत होत्या, आणि पुरुषमंडळी ट्रायफलकडं ढुंकूनही न बघता त्यांच्यामागून फिरत होती. रेव्हरंड पेंगेलींना तर गहिवरून आलं. दुसऱ्याचा भार जो आपल्या खांद्यावर घेतो त्याच्या पाठीशी देव उभा असतो, असं ते सांगू लागले, सांगता सांगता गाऊ लागले, आणि तोंडात बन असलेल्यांनीही सूर धरला.

मर्लला ते सहन होईना. निवडणुकीसाठी खुर्च्या लागल्या तशी ती उभी राहिली. आयव्हीनं तिचा झगा खाली ओढला. तो शिवणीत उसवला, पण पोर बसली नाही.

"हा यंत्राचा दोष नाही आणि आईचा तर नाहीच," ती म्हणाली. "मी मोजायला चुकले. एकेक घर पुढं सरकलं सगळं. पण मी ते दुरुस्त केलंय. पुढच्या वर्षी प्रत्येकीला आपापलाच पदार्थ मिळेल."

आयव्हीनं डोळे मिटले.

"आपापलाच?" मिसेस नॅनकिव्हेलनं विचारलं. "म्हणजे मला परत लॅमिंग्टन? माझं लग्न झाल्यापासून लॅमिंग्टनच करतेय मी! मला ते आवडतसुद्धा नाहीत!"

"मलाही काकडी सोसत नाही," मिस यूरेन हळूच म्हणाल्या. "पण सांगायचं कुणाला?"

"दुरुस्त करायला सांगितलं कुणी तुला?" मागून आवाज आला. एकच गिल्ला झाला. शेवटी डल्सी उभी राहिली.

"मी उभी राहणार होते," डल्सी म्हणाली, "पण अध्यक्षीणबाईंना चिठ्ठ्यांचंच काम बघायचं असतं, आणि यंत्र काही माझ्या घरात नाही. माझं मत आयव्हीला. एका अटीवर. मला अजून तिचा स्पंज शिकायचा राहिलाय."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टर लिडेल यंत्राच्या खोलीत आले, तेव्हा मर्ल कात्री आणि चिकटपट्टी घेऊन कागदाच्या पट्टीवर वाकली होती.

"ती चूक गेल्या आठवड्यातच काढलीस ना?" त्यांनी विचारलं. "आता काय चाललंय?"

"परत घालतेय सर," मर्ल मान वर न करता म्हणाली. "या वेळी दोन घरांची. महिला मंडळाचा ठराव आहे, एकमतानं झालाय."