चार तुझी, चार माझी

वेणीमाधवांनी सतरा वर्षांनी इलाहीबक्षच्या दाराची कडी वाजवली ती केवळ गरज म्हणून. निदान रिक्षात बसताना त्यांनी स्वतःला तसं बजावलं होतं.

दार सुनेनं, महेजबीननं उघडलं. आतून इलाहीबक्षचा आवाज आला, "कोण हाय?"

"वेणीमाधव."

मग उत्तर आलं, "चपला बाहेर काढ म्हणावं. आत्ताच फरशी पुसलीय."

हे दोघं अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्यात संगणक विभागात होते. विभाग म्हणजे हे दोघं आणि एक पंखा. चौऱ्याण्णव साली मालकांनी परदेशी बनावटीचं एक युनिक्स वर्कस्टेशन आणलं. त्याच्या पडद्यावर चादरीचे मोर काढायचे आणि मागाला कळेल अशा खुणांत उतरवायचे, यासाठीचा अख्खा प्रोग्रॅम या दोघांनी लिहिला. मग मालकांची झोप उडाली. यांतला एक जण प्रोग्रॅम घेऊन शेजारच्या कारखान्यात गेला तर? त्यांनी तोडगा काढला. आठ अक्षरांचा पासवर्ड. पहिली चार इलाहीबक्षनं ठरवायची, शेवटची चार वेणीमाधवनं. एकानं टाईप करताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. अकरा वर्षं दिवस असाच सुरू होई. दोघांना भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे सण पाठ झाले.

कारखाना बंद पडला तेव्हा मालकांनी ते मशीन निरोपाची भेट म्हणून दोघांना मिळून दिलं. वेणीमाधव तिसऱ्या मजल्यावर राहत, इलाहीबक्ष बेगम पेठेत तळमजल्यावर. मशीन तळमजल्यावर गेलं. "लाटलंस," वेणीमाधव म्हणाले. "तर मग घे डोक्यावर आणि चढ जिना," इलाहीबक्ष म्हणाले. हळूहळू बोलणं आटलं आणि एका दिवाळीनंतर बंदच झालं.

पुढे वेणीमाधवांच्या पत्नी प्रभाताई गेल्या. मुलगा अनीश कॅनडात. वेणीमाधव दिवसाकाठी सरासरी चौदा वाक्यं बोलत: पाच दूधवाल्याशी, दोन टीव्हीशी, उरलेली कुकरशी. अशात पुण्याहून देवयानी नावाच्या मुलीची मेल आली. तिची संस्था जुने प्रोग्रॅम जतन करते. मालकांच्या मुलानं परवानगी लिहून दिली होती. तिला हवा होता सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचं माणसाला वाचता येणारं मूळ लेखन. त्याची जगात एकच प्रत होती, ती त्या मशीनमध्ये. 'डिस्क कधीही दगा देईल, सर. लवकर बघा.'

म्हणून ही कडी.

मशीन मोराच्या चादरीखाली होतं. इलाहीबक्षनी चादर काढली, बटण दाबलं. ते घरघरलं, खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि पडद्यावर तारीख आली: एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

"त्याचं डोकं फिरलंय," वेणीमाधव म्हणाले.

"सेल संपलाय त्याचा. तुझं काय?"

इलाहीबक्षनी चार कळा दाबल्या, वेणीमाधवांनी भिंतीकडे तोंड केलं. मग उलट. पासवर्ड चूक. तीनदा चूक. मालकांनी तशी सोयच करून घेतली होती, तीनदा चुकलं की दिवसभर बंद.

"तुझीच चुकली," इलाहीबक्ष म्हणाले. "डोक्यावर केस राहिले न्हाईत, अक्षरं कुठनं राहणार?"

"माझी बरोबर आहेत. तू तेव्हापण मोराला तीन पाय काढले होतेस."

"मागाची चूक होती ती."

महेजबीननं चहा आणि भाकरी-शेंगाचटणी आणली. वेणीमाधव म्हणाले, उद्या चारला येतो.

उद्या चूक. परवा चूक. दहाव्या दिवशी इलाहीबक्षना सुचलं की, अक्षरं बोटांत नसतात, भिंतीत असतात. ती भिंत बघितल्याशिवाय आठवायची नाहीत. दोघं रिक्षानं कारखान्यात गेले. तिथं आता मंगल कार्यालय होतं आणि आत लग्न. संगणक विभागाच्या जागी वरपक्षाची खोली. दोघं कोणाला न विचारता आत शिरले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पाच मिनिटांत वधूपिता धापा टाकत आले. "काका, काय चुकलं का आमचं? मानपानात काय राहिलं का?"

"आठवत नाही," वेणीमाधव खरं ते बोलले.

वधूपित्यांनी लगेच दोघांना मानाच्या टोप्या घातल्या, पहिल्या पंगतीत बसवलं, आग्रहानं जिलेबी वाढली. परतताना इलाहीबक्ष म्हणाले, "अक्षरं न्हाई आठवली, पण भिंत चांगली हाय." सतरा वर्षांत वेणीमाधव पहिल्यांदाच आवाज करून हसले, रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं.

सव्विसाव्या दिवशी देवयानी स्वतः आली. तिनं पेचकसानं मशीन उघडलं, डिस्क काढली, एका डबीला जोडली. चाळीस मिनिटांत सगळा कोड तिच्याकडे. डिस्क परत जागेवर.

"पासवर्ड?" इलाहीबक्षनी विचारलं.

"लागतच नाही, काका. मेलमध्ये लिहिलं होतं मी."

"शेवटपर्यंत वाचली नाही," वेणीमाधव म्हणाले.

कोड बचावला होता. दोघांनी तिचं कौतुक केलं, पण बेतानंच. त्या दिवशी चहा लवकर संपला.

दोन दिवसांनी वेणीमाधवांना तिचा फोन आला. "सर, गंमत सांगते. जुन्या पद्धतीचा असल्यामुळे पासवर्डपण सापडला. आधी आठ, आठ, आठ, आठ. मग पी, आर..."

"बी, एच," वेणीमाधव म्हणाले. स्वर गाळलेलं प्रभेचं नाव ते कसं विसरतील? पहिल्या दिवशी त्यांनी ते बिनचूक टाईप केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र मुद्दाम चुकवत आले होते; इलाहीबक्षला अवचित आठवलं तर पंचाईत नको.

पण चार आठ म्हणजे एकच कळ, एकच बोट, चार वेळा. आणि इतके दिवस भिंतीकडे तोंड करून त्यांनी ऐकलं होतं, ते इलाहीबक्षचं बोट कीबोर्डच्या चारी कोपऱ्यांत हिंडताना.

"इलाहीकाकांनापण कळवते," देवयानी म्हणाली.

"नको. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी कडी वाजवली. महेजबीनच्या हातात दोन कप आधीच होते.

"आता काय काम काढलंस?" इलाहीबक्षनी विचारलं.

"पासवर्ड राहिलाय की."

इलाहीबक्षनी त्यांच्याकडे नीट बघितलं, मग मोराची चादर बाजूला केली. "बघ भिंतीकडं."

वेणीमाधव वळले. मागं बोट एका कोपऱ्यात वाजलं, मग दुसऱ्या, मग खाली कुठंतरी, मग बऱ्याच विचारानं चौथ्यांदा.

"झालं," इलाहीबक्ष म्हणाले. "आता तुझी चार."