कानटोपीतला नवरा

भर मे महिन्यात कुणी लोकरीची कानटोपी घालून दारात उभं राहिलं, तर तुम्ही आधी पाणी द्याल की डॉक्टरांना बोलवाल? मी खाटेवर जागा करून देते. समोरच्या सुभद्राकाकी टोपी घालून आल्या, की पुढचा थोडा वेळ त्या काकी नसतात, माझा नवरा असतात.

माझा खरा नवरा प्रमोद फौजेत आहे, सीमेवर. इथे आसगावात मी, सासूबाई, लहान लेक आणि धानाची शेती. समोर काकी एकट्याच राहतात. त्यांचे यजमानही फौजेत हवालदार होते. पेन्शनीवर घरी आले आणि थोड्याच दिवसांत वारले.

टोपीचं हे प्रकरण रोवणीच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत सुरू झालं. प्रमोद रोवणीला येणार होता आणि ऐनवेळी सुट्टी रद्द झाली. शेतातल्या बांधीत गुडघाभर चिखल, कामाला बाया मिळेनात, सासूबाई तापाने फणफणलेल्या. त्याला चार शब्द ऐकवायचेच म्हणून मी फोन हातात घेतला, तर काकींनी तो काढूनच घेतला. घरी जाऊन काकांची कानटोपी चढवून आल्या आणि खाटेवर पाय पसरून बसल्या.

"समज मीच परमोद. बोल आता."

एरवी मी हसले असते. पण टोपीतून फक्त नाक आणि डोळे दिसत होते आणि मला राग इतका आला होता, की ते नाक प्रमोदचंच वाटायला लागलं. मी जी सुरू झाले! काकी नवरा म्हणून महा बेरकी. मध्येच "साहेबानं सुट्टी नाही देल्ली, मी का करू?" म्हणायच्या, मध्येच चहा मागायच्या. शेवटी मला रडू फुटलं, तेव्हा मात्र त्यांनी टोपी काढली, डोळे पुसायला स्वतःचा पदर दिला आणि मग फोन.

"राग इथं ठेव, बातमी तिकडं दे. काही लपवू नोको. पण तो बंदूक धरून उभा हाय, पोरी."

मी सासूबाईंचा ताप सांगितला, एकटीला जड जातंय हेही सांगितलं. प्रमोदने आधी आईच्या औषधाचं विचारलं. मग म्हणाला, "मले बी घरी याचं हाय व. रोज वाटते." मी तोंडाला येईल ते बोलले असते, तर हे मला कधीच ऐकायला मिळालं नसतं. काकींचे हे उपकार मी विसरणार नाही.

पुढे गावातल्या साऱ्याच फौजींच्या बायका काकींकडे भांडायला येऊ लागल्या. काकी प्रत्येकीचा नवरा वेगळा करतात. एकीचा कमी बोलतो, तर तिच्यापुढे नुसतं हुं हुं करतात. तीच बिचारी जास्त चिडते.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या कॉलेजातून एक मुलगी आली. फौजींच्या घरांतले ताणतणाव, नाती यांचा ती अभ्यास करत होती. मन जड झालं की कोणाशी बोलता, असं तिने विचारलं. आम्ही सगळ्यांनी काकींकडे बोट दाखवलं. काकींनी मोठ्या तोऱ्यात टोपी घालूनही दाखवली. मुलगी खूप हसली आणि मग तिने सहज विचारलं, "आणि काकी, तुम्ही कोणाशी बोलता?"

काकी चहा आणते म्हणून आत गेल्या. चहा बऱ्याच वेळाने आला, आणि तोही बिनसाखरेचा.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. टोपी खुंटीला होती. मी ती घातली आणि खाटेवर पाय पसरून बसले.

"अवं, बोल आता," मी म्हटलं.

काकी आधी खूप हसल्या. मला पागल म्हणाल्या. मग हसू थांबलं. जवळ येऊन त्यांनी माझ्या हनुवटीखाली टोपी नीट केली.

"तुमी घरी आले तवा मले भांडाचं होतं तुमच्याशी. इतक्या वर्साचं साचलं होतं. पण तुमी थकून आले होते, म्हणून मी थांबली. मंग तुमी गेलेच."

मी म्हटलं, "आता भांड."

"आता कायले?" त्या हळूच म्हणाल्या. "जेवले का तुमी?"

मी पोटभर जेवून आले होते.

"नाही," मी म्हटलं.

काकी ताट वाढायला उठल्या.